कोळशाच्या गावची विजेची गाडी

रेल्वेला रूळ किती असतात? "हा काय प्रश्न झाला? दोन!" असं तुम्ही चटकन म्हणाल. पण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एक रेल्वे अशी होती, की तिला तीन रूळ होते. दोन रुळांवर चाकं धावायची आणि तिसरा रूळ गाडीला वीज पुरवायचा. प्रवाशांच्या गाडीपुढे ना धूर ओकणारं इंजिन, ना शिट्टीतून निघणारी वाफ. आणि गंमत बघा, ही बिनधुराची गाडी धावायची ती मात्र कोळशाच्या खाणींच्या अगदी डोक्यावरून!

या रेल्वेचं कागदोपत्री नाव होतं 'लॅकावाना अँड वायोमिंग व्हॅली रेलरोड'. एवढं लांबलचक नाव रोज कोण घेणार? लोकांनी तिला सुटसुटीत नाव दिलं, 'लॉरेल लाइन'. लॉरेल हे तिथल्या डोंगरांवर उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलणारं पांढरं-गुलाबी फूल. पुढे पेनसिल्व्हेनियाने त्यालाच आपलं राज्यफूल केलं. स्क्रँटन आणि विल्क्स-बॅरी या दोन शहरांना जोडणारा हा मार्ग जेमतेम ३० किलोमीटरचा. १९०३ साली ही गाडी सुरू झाली आणि १९५२ च्या अखेरीस थांबली. म्हणजे पन्नाशी काही तिला गाठता आली नाही. पण तेवढ्या काळात तिने एका सबंध प्रदेशाची भरती पाहिली आणि ओहोटीही पाहिली.

काळ्या हिऱ्यांची दरी

ही दोन्ही शहरं एका लांबट दरीत आहेत. दरीच्या पोटातले कोळशाचे थर एखाद्या होडीच्या आकाराचे आहेत, दोन्ही कडांना वर आलेले आणि मध्ये खोल गेलेले. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी इथे दलदलीची जंगलं होती. ती गाडली गेली, त्यांच्यावर मातीचे आणि खडकांचे थर साचले आणि त्या प्रचंड दाबाने व उष्णतेने त्यांचा कोळसा झाला. पण हा साधा कोळसा नव्हता. हा होता अँथ्रासाइट, दगडी कोळशातला सर्वांत कठीण आणि चकचकीत प्रकार. त्यात ९० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त कार्बन असतो. पेटायला तो कटकट करतो, पण एकदा पेटला की खूप वेळ जळतो आणि धूर फारच थोडा करतो. थंडीत घरं ऊबदार ठेवायला याहून चांगलं काय हवं? न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया यांसारख्या मोठ्या शहरांतल्या घराघरांत हाच कोळसा जळू लागला.

याच भागातल्या एका वाफेच्या रेल्वेने तर त्यावर भन्नाट जाहिरात केली. इंजिनात अँथ्रासाइट जाळत असल्याने आमच्या गाडीत कपडे काळे होत नाहीत, हे सांगायला तिने पांढराशुभ्र पोशाख घातलेली 'फीबी स्नो' नावाची एक काल्पनिक तरुणी जाहिरातीत आणली. ती भलतीच लोकप्रिय झाली.

कोळसा खणायला माणसं हवी होती. वेल्स, आयर्लंड, पोलंड, लिथुआनिया, स्लोव्हाकिया, इटली अशा कुठून कुठून लोक आले. खाणीच्या तोंडाशी वस्त्या वाढल्या आणि वस्त्यांची गावं झाली. एका गावाची हद्द संपते न संपते तोच दुसरं गाव सुरू. १९०० साली एकट्या स्क्रँटनची लोकसंख्या एक लाखाच्या वर गेली होती. एवढ्या माणसांना रोज इकडून तिकडे जायचं होतं. वाफेच्या गाड्या होत्याच, पण घडीघडीला थांबणं आणि लगेच वेग घेणं हे वाफेच्या जड इंजिनाचं काम नव्हे.

विजेचं शहर

स्क्रँटनला तेव्हा 'विजेचं शहर' हे टोपणनाव पडलेलं होतं. ३० नोव्हेंबर १८८६ रोजी तिथे विजेची ट्राम धावली. ज्या ट्रामसेवेत पहिल्यापासून घोडे नव्हतेच, फक्त वीज होती, अशी ती अमेरिकेतली पहिली यशस्वी ट्रामसेवा मानतात.

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत या तंत्राने मोठी झेप घेतली. फ्रँक स्प्रेग नावाच्या अभियंत्याने १८८८ साली रिचमंड शहरात विजेच्या ट्रामचं मोठं जाळं चालवून दाखवलं. १८९७ साली त्यानेच शिकागोमध्ये आणखी एक युक्ती केली. अनेक डब्यांना प्रत्येकी आपापली मोटर द्यायची आणि त्या सगळ्या मोटरी पुढे बसलेल्या एकाच मोटरमनच्या हातात ठेवायच्या. आपल्या मुंबईच्या लोकल गाड्यांमागेही हीच कल्पना आहे.

मग काय! ट्राम शहराबाहेर पडली. जवळजवळच्या दोन शहरांमध्ये विजेच्या गाड्या चालवण्याची अमेरिकेत लाटच आली. अशा रेल्वेला तिकडे 'इंटरअर्बन' म्हणत, म्हणजेच आंतरशहरी. तिकीट स्वस्त, गाड्या वारंवार आणि धुराचा त्रास नाही. लॉरेल लाइन त्याच लाटेतली, पण तिचा थाट वेगळा होता. बऱ्याच इंटरअर्बन गाड्या गावात शिरल्या की ट्रामसारख्या रस्त्यातून जायच्या. लॉरेल लाइन मात्र एखाद्या पक्क्या रेल्वेसारखी बांधलेली होती. तिचा मार्ग रस्त्यांपासून वेगळा, स्वतःच्या जागेतून गेलेला. त्यामुळे ती वेगाने धावू शकत होती.

मे १९०३ मध्ये स्क्रँटन ते पिट्स्टन हा पहिला टप्पा सुरू झाला आणि वर्ष संपण्याच्या आत गाडी विल्क्स-बॅरीला पोचली.

तिसरा रूळ काय करतो?

आता त्या तिसऱ्या रुळाकडे वळू या. मुंबईची लोकल डोक्यावरच्या तारेतून वीज घेते, हे तुम्ही पाहिलं असेल. लॉरेल लाइनवर तारेऐवजी रुळांच्या शेजारी, जमिनीपासून थोडा उंच असा आणखी एक रूळ टाकलेला होता. त्यात सुमारे ६५० व्होल्टचा वीजप्रवाह असे. डब्याच्या खाली बाजूला लोखंडाची एक पट्टी असते, तिला 'शू' म्हणजे बूट म्हणतात. हा बूट तिसऱ्या रुळावरून घसरत जातो आणि वीज उचलतो. ती वीज मोटरीत जाते, मोटर चाकं फिरवते आणि काम झालेला प्रवाह चाकांतून खालच्या साध्या रुळांत उतरून वीजघराकडे परततो. झालं वर्तुळ पूर्ण! आपल्याकडे कोलकात्याची मेट्रो १९८४ साली सुरू झाली, तीही अशाच तिसऱ्या रुळावर.

अर्थात या रुळाला चुकून हात लागला तर जिवावरच बेतणार. म्हणूनच असा मार्ग रहदारीपासून दूर, वेगळ्या जागेतूनच न्यावा लागतो.

आणि ही वीज यायची कुठून? स्क्रँटनमध्ये कंपनीचं स्वतःचं वीजघर होतं. तिथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेवर यंत्र फिरवायचं आणि वीज तयार करायची. म्हणजे गाडीला धूर नव्हता हे खरं, पण कोळशावाचून तिचं पान हलत नव्हतं.

डोंगराच्या पोटातून

सुरुवातीला एक अडचण होती. स्क्रँटनमधून दक्षिणेकडे निघताना गाडीला मोठा चढ चढावा लागे. त्यावर कंपनीने धाडसी उपाय काढला. टेकडी चढायची नाही, तिच्यातून आरपार जायचं! १९०५ साली क्राउन अव्हेन्यूचा बोगदा तयार झाला. लांबी ४,७४७ फूट, म्हणजे सुमारे १,४५० मीटर. तुमच्या शाळेचं शंभर मीटरचं धावण्याचं मैदान आठवा आणि तशी साडेचौदा मैदानं ओळीने मांडा. तेवढा लांब हा बोगदा आहे. इंटरअर्बन रेल्वेसाठी खणलेल्या सर्वांत लांब बोगद्यांत त्याची गणना होते. विजेच्या गाडीमुळे आणखी एक सोय झाली. इतक्या लांब बोगद्यात वाफेचं इंजिन शिरलं असतं तर धुराने प्रवासी गुदमरले असते. इथे तो प्रश्नच नव्हता.

तुमच्याएवढे कामगार

आता जरा खिडकीबाहेर बघू या. गाडी मूसिक, पिट्स्टन, प्लेन्स अशी गावं घेत चाललेली. बाहेर मध्येच टाकाऊ कोळशाचे आणि दगडांचे काळे डोंगर दिसत आणि त्यांच्या बाजूला खिडक्यांच्या रांगा असलेली उंच, बेढब इमारत. या इमारतीला 'ब्रेकर' म्हणत. खाणीतून आलेला कोळसा तिथे वर चढवायचा, फोडायचा आणि घसरगुंडीसारख्या पन्हळींतून खाली सोडायचा. खाली येता येता त्यातले दगड वेचून बाजूला काढायचे.

हे दगड वेचायचं काम कोण करायचं, ठाऊक आहे? मुलं! आठ, दहा, बारा वर्षांची मुलं. त्यांना 'ब्रेकर बॉइज' म्हणत. फळीवर वाकून बसायचं, पायांच्या मधून कोळसा धडधडत खाली जायचा आणि त्यातून दगड वेचायचे. दिवसाचे दहा-दहा तास, आठवड्याचे सहा दिवस. हातमोजे घालायचे नाहीत, कारण घातले तर दगड नीट हाताला लागत नाही. बोटं सुजायची, सोलवटायची. धूळ इतकी, की श्वासाबरोबर छातीत जायची. एखाद्याचा हात यंत्रात सापडायचा. कायद्याने वयाची अट घातलेली होती, पण घरची गरिबी अशी, की आईवडीलच मुलाचं वय वाढवून सांगत.

लॉरेल लाइन सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९०२ च्या मे महिन्यात, अँथ्रासाइट खाणींतल्या सुमारे १ लाख ४७ हजार कामगारांनी संप पुकारला. त्यांचे नेते होते जॉन मिचेल. मागण्या साध्या होत्या. मजुरी वाढवा, कामाचे तास कमी करा, कोळशाचं वजन नीट करा आणि आमच्या संघटनेशी बोला. संप पाच महिने चालला. हिवाळा तोंडावर आला. शहरांत कोळसा मिळेना. शेवटी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी दोन्ही बाजूंना बोलावलं आणि चौकशी आयोग नेमला. मालक आणि मजूर यांच्या भांडणात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने अशी मध्यस्थी करण्याची ही पहिलीच वेळ होती.

या आयोगाचं काम स्क्रँटनच्या न्यायालयात सुरू झालं. कामगारांची बाजू क्लॅरेन्स डॅरो या नामवंत वकिलांनी मांडली. आयोगासमोर मुलांच्याही साक्षी झाल्या. त्यांत खाणभागातल्या एका बारा वर्षांच्या मुलाची साक्ष होती. त्याचे वडील खाणीत मरण पावले होते आणि त्यांच्या नावावर राहिलेलं देणं या मुलाच्या तुटपुंज्या मजुरीतून कापून घेतलं जात होतं. ऐकणारे थक्क झाले.

१९०३ च्या मार्च महिन्यात निकाल लागला. मजुरीत साधारण १० टक्के वाढ झाली आणि बहुतेकांचे तास दहावरून नऊवर आले. त्यानंतर दोनच महिन्यांनी लॉरेल लाइनची पहिली गाडी सुटली.

मुलांचं काम मात्र लगेच थांबलं नाही. जानेवारी १९११ मध्ये लुईस हाइन नावाचे छायाचित्रकार याच मार्गावरच्या पिट्स्टनला आले आणि त्यांनी तिथल्या ब्रेकरमध्ये मुलांची छायाचित्रं काढली. काळवंडलेले चेहरे, डोक्यावर टोप्या आणि थेट आपल्याकडे बघणारे डोळे. ही चित्रं देशभर गेली. ज्यांनी आयुष्यात कधी खाण पाहिली नव्हती त्यांनाही आपल्या शेगडीतला कोळसा कुणी निवडला हे कळलं. बालमजुरीला आळा घालणारा, साऱ्या देशाला लागू पडणारा आणि टिकून राहिलेला कायदा यायला मात्र १९३८ साल उजाडावं लागलं.

सुट्टीचा दिवस

पण या दरीत नुसतं दुःखच होतं असं नाही हं! मूसिकजवळ, लॉरेल लाइनच्या वाटेवरच, 'रॉकी ग्लेन' नावाची मोठी बाग होती. तळं, पाळणे, झोके, खेळ, सगळी धमाल. सुट्टीच्या दिवशी डबे बरोबर घेऊन घरंच्या घरं गाडीत बसून तिथे जायची. त्या काळी अमेरिकेत बऱ्याच विजेच्या रेल्वे अशा बागांना जोडलेल्या असत. आठवडाभर कामावर जाणाऱ्यांनी गाडी भरायची, पण रविवारी ती रिकामी धावायला नको ना! आठवडाभर जमिनीखाली अंधारात राबणाऱ्या माणसाला काही आण्यांच्या हिशेबात झाडं आणि पाणी भेटत होतं. बाजारहाट, नातेवाइकांकडे जाणं, दुसऱ्या शहरातल्या शाळा नि नोकऱ्या, सगळ्याला हीच गाडी. या मार्गावरून मालही जायचा आणि त्या मालात अर्थातच कोळसा होता.

ओहोटी

१९१७ साली पेनसिल्व्हेनियाच्या खाणींतून सुमारे १० कोटी टन अँथ्रासाइट निघाला. तेवढा पुन्हा कधीच निघाला नाही. १९२५-२६ मध्ये पुन्हा एक लांबलचक संप झाला. कोळसा मिळेना म्हणून लोकांनी घरात तेलाच्या शेगड्या बसवल्या आणि संप मिटल्यावरही त्यातले बरेच जण कोळशाकडे परत आले नाहीत. पाठोपाठ १९२९ नंतरची महामंदी आली. खाणी बंद पडू लागल्या. खाण बंद म्हणजे मजुरी बंद. मजुरी नाही तर गाडीत कोण बसणार?

दुसरीकडे मोटारी स्वस्त झाल्या, रस्ते चांगले झाले आणि बसगाड्या आल्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आलं तेव्हा लोक पुन्हा रेल्वेकडे वळले. पण युद्ध संपलं आणि डबे पुन्हा रिकामे झाले. अखेर ३१ डिसेंबर १९५२ रोजी लॉरेल लाइनची प्रवासी सेवा बंद झाली. मालगाड्या त्यानंतरही काही काळ चालत राहिल्या, पण त्यांना आता डिझेलची इंजिनं लागली. तिसऱ्या रुळाचं काम संपलं. १९५४ साली स्क्रँटनची शेवटची ट्रामही थांबली. विजेच्या शहरात विजेची गाडी उरली नाही!

खाणींचा शेवट मात्र इतका शांत नव्हता. २२ जानेवारी १९५९ रोजी पिट्स्टनजवळ सस्क्वेहाना नदीच्या तळाखाली कोळसा खणत होते. नदी आणि खाण यांच्यामध्ये किमान ३५ फूट खडक ठेवायचा असा नियम होता. लोभापायी तो मोडला गेला. फुटलेल्या ठिकाणी जेमतेम पाच-सहा फूट खडक उरला होता. पुराचं पाणी चढलं, छत फुटलं आणि नदी खाणीत घुसली. भोवऱ्याचं तोंड बुजवायला तिथल्या दुसऱ्या एका रेल्वेचे रूळ नदीच्या दिशेने वळवले गेले आणि मोठमोठ्या वाघिणी एकामागून एक पाण्यात ढकलल्या गेल्या. खाणीत ८१ जण होते. अमेडिओ पॅनकॉटी नावाचा कामगार एका जुन्या हवेच्या विवरातून सुमारे ५० फूट नुसत्या हातापायांनी चढून वर आला आणि त्याने मदत बोलावली, म्हणून पुष्कळांचे जीव वाचले. तरी १२ जण गेले. त्यांचे देह कधीच मिळाले नाहीत. या दुर्घटनेनंतर या दरीतल्या खोल खाणींचा जवळजवळ शेवटच झाला.

आज काय उरलंय?

१९३० साली स्क्रँटनची लोकसंख्या १ लाख ४३ हजार होती. २०२० च्या जनगणनेत ती ७६ हजार भरली, म्हणजे साधारण निम्मी! कोळशामागे आलेली माणसं कोळशामागे गेली.

पण जी राहिली त्यांनी एक छान गोष्ट केली. जुनं ते सगळं मोडीत काढलं नाही. एका जुन्या खाणीत १९८५ पासून पाहुण्यांना खाली नेऊन सगळं दाखवतात. जमिनीखाली सुमारे ३०० फूट उतरायचं, मग तिथला अंधार आणि गारवा काय ते कळतं. १९९९ साली शहरात ट्रामचं संग्रहालय उघडलं. आणि सर्वांत गमतीची गोष्ट म्हणजे या संग्रहालयातल्या जुन्या विजेच्या गाडीत बसून पर्यटक लॉरेल लाइनच्याच जुन्या मार्गावरून मूसिककडे जाऊ शकतात. तिसरा रूळ आता नाही, ही गाडी डोक्यावरच्या तारेतून वीज घेते. पण वाटेत तोच १९०५ सालचा बोगदा लागतो, तोच अंधार आणि पलीकडे तोच उजेड!

लॉरेल लाइनची गोष्ट एवढीच. ती वाईट चालली म्हणून बंद पडली नाही. ज्या एका धंद्यावर सारी दरी उभी होती तो धंदाच बसला आणि गाडीही बसली. एकाच खांबावर घर उभं केलं की असं होतं.

आता तुमच्यासाठी एक काम. आपल्या भागातली एखादी बंद पडलेली गाडी शोधा. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला थांबली, हे घरातल्या मोठ्यांनी कधी सांगितलंय का? तुमच्या गावाजवळही एखादा उखडलेला मार्ग, ओस पडलेलं स्टेशन किंवा रानात उभा राहिलेला पूल असेल. आजी-आजोबांना विचारा, ती गाडी काय वाहून न्यायची? कोण तिच्यातून जायचं? आणि ती का थांबली? उत्तरं वहीत लिहून ठेवा. तुमच्या गावच्या इतिहासाचं एक पान त्यात नक्की सापडेल.

एका नजरेत लॉरेल लाइन

१८८६ – स्क्रँटनमध्ये विजेची ट्राम
१९०२ – खाणकामगारांचा पाच महिन्यांचा संप
१९०३ – लॉरेल लाइन सुरू
१९०५ – क्राउन अव्हेन्यूचा बोगदा तयार
१९१७ – अँथ्रासाइटचं सर्वाधिक उत्पादन
१९५२ – प्रवासी सेवा बंद
१९५९ – सस्क्वेहाना नदी खाणीत शिरली
१९९९ – ट्रामचं संग्रहालय सुरू